बुजवलेला ओढा आणि दिवाळीनंतरची बैठक

पत्र थोडक्यात (ओळख लपवून)

मोहोळ तालुक्यात सीना नदीच्या जवळच आमचं रान आहे. सासऱ्यांनी हयातीतच दोघा भावांना तोंडी वाटणी करून दिली. वरचं रान आमच्याकडे, खालचं दिरांकडे. मधून एक ओढा जातो, वर्षातले दहा महिने कोरडाच असतो. चार वर्षांपूर्वी मालक गेले, तेव्हापासून शेती मीच बघते. यंदा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास दिरांनी द्राक्षबागेकडे टिपर जावा म्हणून ओढ्यात मुरूम टाकून रस्ता केला. खाली पाइप टाकला नाही. गौरी-गणपतीच्या पावसात माझ्या रानात पाणी तुंबलं, उडीद गेला. सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा सगळंच पाण्याखाली गेलं. आता शेजाऱ्यांच्या रानात वाफसा (पेरणीजोगी ओल) आलाय, त्यांची ज्वारीच्या पेरणीची धांदल चाललीय आणि माझं रान अजून चिबडलेलं आहे. तलाठ्यांकडे गेले तर म्हणाले, "तुमचा घरगुती वाद आहे, कोर्टात जा." भावकी म्हणते, दिवाळी झाली की बसू. माझा भाऊ म्हणतो, एका रात्रीत जेसीबी लावून भराव फोडू. मुलगा पुण्याला नोकरीत, तो म्हणतो, विकून टाक. दीर म्हणतात, "वैनी, तुमच्या चारीचं पाणी माझ्या बागेत शिरतं ते आधी बघा." ओढा तर सरकारचा असतो ना? मग सरकार भराव का काढत नाही? मी काय करू?

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात वादाची तारीख नाही, सण आहे. पण त्या सणापासूनच घड्याळ सुरू झालंय, म्हणून बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी तेच सांगायला हवं.

यंदा (२०२५) अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती. शेतातल्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कुणी अडवला तर तो अडथळा काढून देण्याचा अधिकार तहसीलदारांना मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ ने दिला आहे. मात्र अडथळा सुरू झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत अर्ज केला तरच हा दरवाजा उघडतो. नुकसान कधी झालं याला इथे महत्त्व नाही, भराव कधी पडला ते बघतात. म्हणजे तुमची मुदत ऑक्टोबरच्या अखेरीला संपते. शिवाय "सुमारास" म्हणजे आठवडाभर आधीही असू शकतं. भाऊबीज २३ ऑक्टोबरला आहे. मधले दिवस कचेरीला सुट्ट्या. भावकी दिवाळीनंतर बसणार, पहिल्या बैठकीत चहा होणार, दुसऱ्या बैठकीला कुणीतरी गावाला गेलेलं असणार. तोवर नोव्हेंबर उजाडेल आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जवळचा उपाय हातातून गेलेला असेल. भावकीत कुणी हे मुद्दाम करतंय असं मी म्हणत नाही. मुदतीचं बहुतेकांना ठाऊकच नसतं.

तेव्हा अर्ज दिवाळीच्या आधी करा, बैठक दिवाळीनंतर होऊ द्या. दोन्ही एकत्र चालतं. तडजोड झाली तर तहसीलदारांसमोर तशी नोंद करून प्रकरण मिटवता येतं. आणि दिरांना अर्जाची बातमी शिपायाच्या हातच्या नोटिशीने कळू देऊ नका. आधी स्वतः जाऊन सांगा: "मुदत संपतेय म्हणून अर्ज देतेय, बोलणं थांबवायचं नाही." एवढं एक वाक्य बोलल्याने पुढच्या पाच वर्षांचा अबोला टळू शकतो.

आता तलाठ्यांचं म्हणणं. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात तलाठीच म्हणतात.) "कोर्टात जा" हे त्यांचं बोलणं निम्मं खरं आहे. ज्या कोर्टात जायचं ते तुमच्या तहसील कचेरीतच भरतं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण अशी किती तरी प्रकरणं इथेच अडतात. तहसीलदार एकाच खुर्चीत बसून तीन-चार वेगवेगळी कामं करतात. मामलेदार न्यायालय म्हणून ते दोन शेतकऱ्यांमधला पाण्याचा किंवा वाटेचा वाद ऐकतात. महसूल अधिकारी म्हणून सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण बघतात. कार्यकारी दंडाधिकारी म्हणून सार्वजनिक उपद्रव दूर करायला लावतात. शिवाय पूर आला की आपत्तीचं काम अंगावर येतं ते वेगळंच. तुम्ही नुसतं "साहेब, माझ्यावर अन्याय झाला, न्याय मिळावा" असं लिहिलं तर तो कागद कुठल्या कामात धरायचा हे लिपिकालाही कळत नाही. तो मंडळ अधिकाऱ्याकडे जातो, तिथून तलाठ्याकडे, आणि तलाठी लिहितात, "घरगुती वाद". म्हणून कायद्याचं नाव आणि कलम पहिल्याच ओळीत हवं.

साधारण असं लिहा:

"मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वये अर्ज. अर्जदाराच्या गट क्रमांक अमुक या शेतजमिनीवर पडणारे पावसाचे पाणी पूर्वापार ओढ्यातून गट क्रमांक तमुक मधून पुढे वाहत जात होते. सामनेवाले यांनी दिनांक अमुकच्या सुमारास सदर ओढ्यात अंदाजे इतके फूट लांब व इतके फूट उंच मुरुमाचा भराव टाकून प्रवाह अडविला आहे. त्यासाठी कोणतीही कायदेशीर परवानगी घेतलेली नाही. त्यामुळे अर्जदाराच्या शेतात पाणी साचून पिकाचे नुकसान झाले असून पुढील पेरणीही होऊ शकत नाही. सबब सदर अडथळा दूर करावा व तो पुन्हा न करण्याबाबत मनाई हुकूम व्हावा."

खाली दोघांची पूर्ण नावं, वय, व्यवसाय, पत्ता, सोबत जोडलेले कागद आणि साक्षीदारांची यादी. शेवटी "वरील मजकूर खरा आहे" म्हणून सही. अर्ज दिल्यावर तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्या. मुदत पाळली याचा पुरावा तो शिक्काच असतो. पुढे सामनेवाल्यांना नोटीस जाते, स्थळ पाहणी होते, दोन्ही बाजू ऐकून हुकूम होतो. या हुकमावर अपील नाही, पण वर फेरतपासणी मागता येते, आणि दिवाणी न्यायालयाचा दरवाजा दोघांनाही उघडा राहतो. म्हणजे हा शेवटचा निकाल नव्हे. तरी पुढच्या पावसाळ्याआधी भराव निघायला हा हुकूम बहुधा पुरतो.

वकील लागेलच असं नाही. लागला तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार महिलेला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे किंवा सोलापूरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा. आमच्याकडे पत्रं पाठवणाऱ्या दहा बायांमध्ये एखादीलाच हे माहीत असतं.

आता तुमच्या पत्रातल्या काही गोष्टी, ज्या तुम्ही गृहीत धरल्यात आणि दिरांचा वकील धरू देणार नाही.

"ओढा सरकारचा." बहुतेक वेळा हे खरं असतं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले, तलाव आणि त्यांचे तळ हे दुसऱ्या कुणाची मालकी सिद्ध होत नसेल तर राज्य शासनाचे. पण जिथून पाणी वाहतं ती प्रत्येक जागा ओढा नसते. गाव नकाशावर ओढा दाखवलाय का, हे बघावं लागतं. मोजणी कचेरीतून, म्हणजे भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून, गाव नकाशा आणि तुमच्या गटाचं टिपण (मोजणीचा कच्चा नकाशा) यांच्या नकला काढा. सातबाऱ्यावर पोटखराबाचा, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जागेचा, रकाना बघा. त्यात वर्ग 'ब' खाली क्षेत्र लावलेलं असेल तर ते रस्ता, तळं, लोकांच्या वापरातला ओढा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेलं असतं. ते क्षेत्र दिरांच्या सातबाऱ्यावर दिसलं तरी त्यात मुरूम टाकायचा हक्क त्यांना मिळत नाही.

नकाशावर ओढा निघाला तर तुमच्या हातात दुसरा कागद येतो. याच महसूल अधिनियमाच्या कलम ५० खाली सरकारी जागेवरचं अतिक्रमण काढण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, आणि काढण्याचा खर्च अतिक्रमण करणाऱ्याकडून वसूल होतो. या अर्जाला ६ महिन्यांची मुदत नाही. अतिक्रमणाची नोंद गाव नमुना १-ई मध्ये घ्या, असं तलाठ्यांना लेखी कळवा. हा अर्ज वेगळा लिहा. पहिल्या अर्जात मिसळू नका, नाहीतर दोन्ही लटकतात.

नकाशावर ओढा नसला, नुसती लवणाची (सखल) जागा किंवा ओघळ असली, तरी खचून जाऊ नका. कलम ५ मध्ये प्रवाह ठरलेल्या पात्रातूनच वाहायला हवा अशी अट नाही. शेतावर पडलेलं, उताराने पसरून वाहणारं पाणीही त्यात येतं. आणि १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही, ज्याला वकील लोक इझमेंट अ‍ॅक्ट म्हणतात, हेच तत्त्व आहे: वरच्या रानात नैसर्गिकरीत्या पडलेलं पाणी उताराने खाली यायला लागलं तर खालच्या मालकाने ते येऊ द्यायचं. दहा महिने कोरडा असला म्हणून ओढ्याचं ओढेपण जात नाही. आपल्या जिल्ह्यात हे वारंवार सांगावं लागतं. पाऊस मुळात कमी. दोन-तीन कोरडी वर्षं गेली की पात्रात वेडी बाभूळ माजते, मग कुणी एका काठाने दोन तास नांगरून घेतं, पुढच्या वर्षी आणखी दोन. म्हातारी माणसं सोडली तर इथून पाणी जायचं हे कुणाच्या ध्यानातही राहत नाही. मग एखाद्या वर्षी सप्टेंबर असा बरसतो की पाणी आपली जुनी जागा शोधत येतं.

"मग सरकार काढत का नाही?" या प्रश्नात थोडा घोळ आहे. कायदा सरकारला पुष्कळ अधिकार देतो. कलम ५० सांगितलंच. पाटबंधारे अधिनियम, १९७६ मध्येही नैसर्गिक निचऱ्याच्या वाटेत अडथळा करायला मनाई करण्याचे आणि असलेला काढायला लावण्याचे अधिकार शासनाला आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जे कलम १३३ होतं, लोकांच्या वापरातल्या वाटेवरचा किंवा प्रवाहातला बेकायदा अडथळा काढायचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. पण यातल्या बहुतेक ठिकाणी कायदा "करू शकेल" असं म्हणतो, "केलंच पाहिजे" असं नाही. एका शेताचं पाणी निघत नाही म्हणून सरकार आपण होऊन उठेल, ही अपेक्षा ठेवलीत तर वर्षं जातील. उलट एका भरावाने पाच-सहा शेतकऱ्यांचं पाणी अडत असेल, वस्तीचा रस्ता बुडत असेल, तर सगळ्यांच्या सह्यांनी केलेला अर्ज सार्वजनिक उपद्रवाच्या कलमात नीट बसतो. तुमच्या वरच्या अंगाला आणखी कुणाची रानं आहेत का, हे पत्रात नाही. असतील तर त्यांच्याकडेही पाणी तुंबलं असू शकतं. एकदा विचारून या.

सरकार स्वतःच पाणी अडवतं तेव्हा गोष्ट वेगळी. नवा महामार्ग भरावावर उंच बांधला आणि जुन्या मोरीच्या (रस्त्याखालून पाणी जायच्या वाटेच्या) जागी अपुरा पाइप टाकला, नाला खोलीकरणात निघालेली माती काठावरच ढिगाने पडून राहिली आणि तिचाच बांध झाला, अशी पत्रंही येतात. तिथे सामनेवाला भाऊबंद नसतो, खातं असतं. रस्ता ज्याचा त्याला, म्हणजे सार्वजनिक बांधकाम, जिल्हा परिषद किंवा राष्ट्रीय महामार्ग यांपैकी जे असेल त्याला, किलोमीटर दगडाचा आकडा आणि फोटो देऊन लेखी मागणी करायची, आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. रस्ता कायदेशीर परवानगीने झालेला असल्याने कलम ५ तिथे सहसा लागत नाही. आणि सोलापूर शहरातल्या वाचकांसाठी: हिप्परगा तलावाच्या खाली आदिला नदीच्या काठाने वस्ती वाढत गेली, तिथले गटार-नाले बांधणं आणि साफ ठेवणं हे महानगरपालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. तिथे तहसील कचेरीच्या आधी पालिकेच्या विभागीय कार्यालयात जायचं.

तुमच्याकडे परत येतो. पुराचं काय? सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात सीना अशी फुगली की लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. नदी एवढी भरली की तिला मिळणाऱ्या ओढ्यांचं पाणी पुढे सरकत नाही, उलटं मागे येतं. त्या दिवसांत तुमचा ओढा अगदी मोकळा असता तरी रान बुडालंच असतं. दीर नेमकं हेच म्हणतील: "पूर आला, माझा काय दोष?" त्यामुळे पुराच्या दिवसांचं नुकसान भरावाच्या माथी मारू नका. तो मुद्दा तुम्हाला कमजोर करेल. त्याचा पंचनामा अतिवृष्टीच्या मदतीसाठी वेगळा होऊ द्या. तुमची बळकट बाजू दुसरीकडे आहे आणि पत्रात ती तुम्ही ओझरती लिहून गेलात. गौरी-गणपतीत नदी भरलेली नव्हती, तरी पाणी तुंबलं. आणि पूर ओसरल्यावर शेजाऱ्यांच्या रानात वाफसा आला, तुमच्या आला नाही. माती तीच काळी, पाऊस तोच, फरक फक्त भरावाचा. शेजारचं कोरडं रान आणि तुमचं चिबडलेलं रान एकाच फोटोत येईल असे चार फोटो काढून ठेवा, मोबाइलमध्ये तारीख आणि ठिकाण उमटेल असे. हे काम आजच करा. आठ दिवसांनी तुमचंही रान सुकलं तर दाखवायला काही उरणार नाही. सॅटेलाइट नकाशावरची जुनी छायाचित्रंही बघता येतात. भराव नसतानाचा ओढा त्यात दिसत असेल तर मुलाकडून तेवढं छापून घ्या. पुण्यातून तो एवढं करू शकतो.

आता चारी, म्हणजे रानातलं पाणी बाहेर काढायचा चर. तुम्हाला हे आवडणार नाही, पण दिरांचं म्हणणं मी झटकून टाकू शकत नाही. खालच्याने सोसायचं ते नैसर्गिकरीत्या येणारं पाणी. वरच्याने सपाटीकरण करून, सगळ्या रानाचं पाणी एका चारीत गोळा करून, एकाच तोंडातून जोरात खाली सोडलं तर ते नैसर्गिक राहत नाही. तो वाढीव बोजा खालच्याने सोसावा असं कायदा म्हणत नाही. चारी कधी काढली, कुठे सोडली, हे पत्रात नाही. ती तुमच्याच हद्दीत ओढ्याला मिळत असेल तर प्रश्न फारसा नाही. ती बांधावरून थेट त्यांच्या बागेत उतरत असेल तर स्थळ पाहणीच्या दिवशी अधिकारी आधी तीच बघतील. तसं असेल तर पाहणीच्या आधी तोंड वळवून घ्या, आपल्या हद्दीत ओढ्याला जोडा, उतारावर दगड रचून घ्या म्हणजे माती कापणार नाही. एका दिवसाचं काम आहे. आणि बैठकीत ते पहिल्यांदा तुम्हीच सांगा.

वाटणी तोंडी आहे म्हणालात. मालकांच्या मागे वारस नोंद झाली का? सातबारा अजून सासऱ्यांच्या नावे किंवा सामाईक असेल, तर "जमीन सगळ्यांचीच आहे, ही कोण हरकत घेणारी?" असा सूर निघू शकतो. तोंडी वाटणीप्रमाणे इतकी वर्षं वहिवाट वेगळी आहे, हे दाखवणारे कागद जमवा: पीकपाहणीच्या नोंदी, तुमच्या नावची पीकविम्याची पावती, सोसायटीचं कर्ज, विजेचं कनेक्शन, जे असेल ते. वारस नोंद राहिली असेल तर त्याचा अर्जही याच फेरीत देऊन टाका. पाण्याचा अर्ज त्यासाठी थांबवू मात्र नका.

भावाचा जेसीबी. रागात सुचलेलं आहे, समजू शकतो. पण रात्री भराव फोडला आणि कोंडलेलं पाणी एकदम दिरांच्या बागेत शिरलं, तर नुकसान करणारे तुम्ही ठराल. पाणी सोडून नुकसान करणं हा फौजदारी गुन्हा होऊ शकतो. आज भराव त्यांचा बेकायदा आहे, उद्या दोघांची कृत्यं बेकायदा असतील आणि तहसीलदार दोघांना सारखंच समजावून परत पाठवतील. शिवाय फुटलेला भराव ते चार दिवसांत पुन्हा घालतील, मुरूम काही महाग नाही.

इतकं सगळं झाल्यावर एक गोष्ट उरते आणि माझ्या मते या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. दिरांना ओढा बुजवायचा नव्हता. त्यांना बागेकडे रस्ता हवा होता. द्राक्षाचा माल निघायच्या वेळी गाडी बांधापर्यंत गेली नाही तर त्यांचंही वर्ष वाया जातं. रस्त्यासाठी कायद्यात वेगळी सोय आहे: महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते, तहसीलदारच देतात. त्यांनी तो अर्ज केला तर तुम्ही हरकत घेणार नाही, असं बैठकीत सांगायची तयारी ठेवा. आणि ओढा ओलांडायचाच असेल तर भरावाखाली मोरी हवी.

इथे गावोगाव होणारी चूक सांगतो. भावकी तडजोड करते, "एक पाइप टाकून घ्या", आणि मग नऊ इंची पीव्हीसी पाइप टाकतात. पहिल्याच पावसात बाभळीची फांदी आणि पाचट अडकून तो बंद होतो आणि पुढच्या वर्षी भांडण पुन्हा त्याच जागी. मोरी ओढ्याच्या जुन्या रुंदीप्रमाणे हवी. सिमेंटचे मोठे ह्यूम पाइप, गरज असेल तर दोन-तीन शेजारी शेजारी, आणि त्यांचा तळ ओढ्याच्या तळाशी मिळता, वर नाही. पाइपाच्या वरून पाणी गेलं तरी चालेल असा मधला भाग थोडा खोलगट आणि दगडी ठेवला तर मोठ्या पुरात रस्ताही वाहून जात नाही. आकार पंचायत समितीच्या किंवा जलसंधारणाच्या अभियंत्याला विचारून ठरवा. ओढा सरकारी निघाला तर तुम्ही दोघं राजी असलात तरी परवानगीशिवाय त्यात काही बांधू नका, उद्या तुमच्या वरचा शेतकरी कलम ५ चा अर्ज घेऊन उभा राहील. खर्चाचा काही वाटा उचलायला मी तुम्हाला सांगणार नाही, कारण भराव तुम्ही घातलेला नाही. पण चारीचं तोंड वळवायचा खर्च तुमचा. मोरी दर पावसाळ्याआधी कुणी साफ करायची हेही तडजोडीत लिहून घ्या, नावासकट.

मुदत हुकलीच तर? तारीख मागेपुढे असल्याचं निघू शकतं. मग कलम ५० चा मार्ग उरतो, ओढा नकाशावर असेल तर. नसेल तर दिवाणी न्यायालयात मनाई हुकमाचा दावा, जो वेळखाऊ आहे पण तिथे न्यायालय आपला कमिशनर (पाहणीसाठी नेमलेला माणूस) पाठवून जागेची पाहणी करून घेऊ शकतं. "अडथळा रोज चालूच आहे, म्हणून मुदत रोज नव्याने सुरू होते" असं कुणी सांगितलं तर त्या भरवशावर कचेरीत जायचं लांबवू नका.

मुलाचं म्हणणं शेवटी घेतो, कारण त्याला आज उत्तर द्यायची गरज नाही. विकायचं की ठेवायचं हा तुमच्या घरातला विचार आहे. पण पाणी तुंबणारं रान आज विकायला काढलंत तर बाहेरचा माणूस पाय ठेवायच्या आधी भाव पाडेल, आणि पडलेल्या भावात घ्यायला सगळ्यात आधी कोण येईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. निदान निचरा मोकळा होईपर्यंत हा विषय घरात काढू नका, आणि भावकीत तर मुळीच नाही.

यंदाची ज्वारी गेली असं धरून चला. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात वाफसा आला तर हरभरा अजून घेता येईल. मंडळ कृषी अधिकाऱ्यांना रान दाखवा. मर रोगाला टिकणारं बियाणं मागा आणि बीजप्रक्रिया केल्याशिवाय पेरू नका, पाणी साचून राहिलेल्या रानात मर लवकर लागते. वरच्या बाजूचं रान आधी सुकेल, तेवढंच पेरा. खालची पट्टी यंदा मोकळी राहिली तरी चालेल. स्थळ पाहणीला अधिकारी येतील तेव्हा ती त्यांना तशीच दिसू द्या.